बारमाही पडदा



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात पाडली. तिला आता दीडशे वर्षे होऊन गेली. गावोगावच्या लोकांनी ती उचलली, आणि ज्यांचे शाळेशी फारसे जमले नाही अशा माझ्यासारख्या माणसांना इतिहास, अर्थशास्त्र आणि वाङ्मय यांची पहिली ओळख याच मंडपांत झाली. हे ऋण मान्य करूनच मी आज एक प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. मंडप उतरला, खुर्च्या भाडेवाल्याकडे परत गेल्या, की उरलेल्या अकरा महिन्यांत काय?

विहिरींचे दोन प्रकार आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. एक विहीर पावसाळ्यात तुडुंब भरते आणि होळीच्या आत तळ दाखविते. दुसरी इतकी कधीच भरत नाही, पण वैशाखातही तिच्यात पोहरा बुडेल इतके पाणी असते. गाव वसते ते या दुसऱ्या विहिरीच्या भरवशावर. सांस्कृतिक कार्याचेही असेच आहे, हे मला एका विशिष्ट क्षेत्राच्या इतिहासातून दाखवावयाचे आहे. ते क्षेत्र म्हणजे नफ्यासाठी न चालणारे, प्रेक्षकांनीच चालविलेले, वर्षभर कार्यक्रम करणारे चित्रगृह.

युनियनच्या माणसाचा सिनेमाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध पावतीपुस्तकाचा आहे. माझे आयुष्य सभासदांकडून दरमहा वर्गणी गोळा करण्यात गेले. संपाचा दिवस सर्वांच्या लक्षात राहतो, वर्तमानपत्रांत छापून येतो. परंतु संघटना जगते ती बिनसंपाच्या तीनशे साठ दिवसांवर, हे ज्याने पावत्या फाडल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. चित्रपट संस्थांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा तेथेही मला हीच गोष्ट आढळली, म्हणून आज बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम धंद्याची रीत पाहू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर तंबूतले खेळ आले, पक्की थिएटरे आली, आणि चित्रपट हा मोठा व्यापार झाला. व्यापारात पडद्यावर काय लागावे हे गल्ला ठरवितो. शुक्रवारी चित्र लागते, रविवारपर्यंत त्याचे भवितव्य ठरते, आणि पुढच्या शुक्रवारी ते उतरते. यात थिएटरच्या मालकाचा दुष्टपणा मुळीच नाही. त्याला भाडे, कर, वीज आणि पगार भागवायचे असतात. परंतु काही चित्रांची ओळख पटायला वेळ लागतो. ज्याची कीर्ती तोंडोतोंडी पसरायला तीन आठवडे हवेत त्याला तीन दिवस मिळाले, तर ते चित्र त्या गावापुरते जन्मलेच नाही असे समजावे. शिवाय जुने चित्र पुन्हा पाहण्याची सोय या व्यवस्थेत जवळजवळ नाही. पुस्तक जुने झाले तरी ग्रंथालयात असते; चित्रपटाला असे ग्रंथालय कोणी द्यावे?

या प्रश्नाला पहिले संघटित उत्तर ज्यांनी दिले त्यांत लंडनच्या ‘फिल्म सोसायटी’चे नाव अग्रभागी आहे. २५ ऑक्टोबर १९२५ रोजी रविवारी दुपारी रीजंट स्ट्रीटवरील न्यू गॅलरी या चित्रगृहात तिचा पहिला कार्यक्रम झाला. आयव्हर माँटेग्यू हा एका लॉर्डाचा एकवीस वर्षांचा मुलगा तिच्या संस्थापकांत होता, आणि बर्नार्ड शॉ व एच. जी. वेल्स यांच्यासारख्यांचा तिला पाठिंबा होता. हंगामात सुमारे आठ कार्यक्रम, तेही हिवाळ्याच्या बाजूला, अशी तिची रीत होती. १९३९ पर्यंत तिने शंभराहून अधिक कार्यक्रम केले. १० नोव्हेंबर १९२९ रोजी तिने आयझेन्स्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’ आणि जॉन ग्रिअरसन यांचा हेरिंग मासेमारीवरील ‘ड्रिफ्टर्स’ एकाच कार्यक्रमात दाखविला. ब्रिटिश माहितीपटाच्या इतिहासात हा दिवस महत्त्वाचा मानला जातो.

हे सारे स्तुत्य होते. पण तेथे कोण बसले होते? फिल्म सोसायटीची वर्गणी गोदी कामगाराच्या आवाक्यातली नव्हती. पोटेम्किनमध्ये बंड करणारे खलाशी पडद्यावर होते, प्रेक्षागृहात नव्हते. म्हणून त्याच १९२९ सालच्या नोव्हेंबरात राल्फ बाँड आदी कार्यकर्त्यांच्या ‘लंडन वर्कर्स फिल्म सोसायटी’ने टूटिंगच्या सहकारी सभागृहात आपला पहिला खेळ केला. स्वस्त वर्गणीची अशीच दुसरी एक संस्था म्हणजे ‘मासेस स्टेज अँड फिल्म गिल्ड’. पुडोव्हकिन यांचा ‘मदर’ हा चित्रपट दाखविण्याची परवानगी तिने लंडनच्या काउंटी कौन्सिलकडे मागितली, आणि ती नाकारली गेली. हाच चित्रपट फिल्म सोसायटीने आधी बिनदिक्कत दाखविला होता. चित्रपट तोच, शहर तेच. फरक होता तो वर्गणीच्या रकमेत. ज्याच्या खिशात अधिक शिलिंगे त्याचे मन पोटेम्किन पाहून बिघडत नाही, आणि ज्याच्या खिशात एकच शिलिंग त्याचे मन मात्र लगेच बिघडते, असा याचा अर्थ होतो!

या अडचणीतून जी वाट निघाली ती मोठी मौजेची आहे. १९०९ च्या ब्रिटिश सिनेमॅटोग्राफ कायद्याचा मूळ हेतू आगीपासून संरक्षण हा होता. त्या काळची पस्तीस मिलिमीटरची फिल्म भडकन पेट घेत असे, म्हणून ती दाखविण्याच्या जागेला परवाना लागे. या परवान्याच्या आडून कौन्सिले सेन्सॉरशिप चालवीत. आपल्याकडचा १९१८ चा कायदाही परवाना आणि सेन्सॉर यांची अशीच सांगड घालणारा होता. परंतु सोळा मिलिमीटरची फिल्म न पेटणाऱ्या द्रव्याची असे. १९३३ मध्ये ‘किनो’ या संस्थेने पोटेम्किनच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती काढून त्या कामगारवस्त्यांत फिरवावयास आरंभ केला. डरहॅम परगण्यात बोल्डन येथील खाणकामगारांच्या सभागृहात असा खेळ झाला तेव्हा खटला भरण्यात आला. पण ज्या फिल्मला आगच लागत नाही तिला आगीचा कायदा लागू करता येईना, आणि खटला टिकला नाही. पाच-पन्नास खाणकामगारांनी आपल्या मालकीच्या सभागृहात, आपल्या वर्गणीच्या यंत्रावर, आपल्या पसंतीचा चित्रपट पाहावा हा हक्क अशा रीतीने पदरात पडला.

याच्या उलट पॅरिसचे उदाहरण आहे. १९२८ मध्ये लेऑन मूसिनाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्टाकसचे मित्र’ या नावाची चित्रपट संस्था काढली. सोव्हिएत चित्रपट पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली, काही महिन्यांत सभासद हजारोंनी झाले. पोलीसप्रमुख जाँ शियाप यांनी दबाव आणला आणि त्याच वर्षी संस्था बंद पडली. दडपशाही झाली हे तर खरेच. पण लाट जितकी मोठी तितका तिला हक्काचा बांध हवा असतो. स्वतःचे सभागृह व वर्षानुवर्षांची वहिवाट असती, तर एवढ्या सभासदांना एका हुकुमाने घरी पाठविणे इतके सोपे झाले नसते, असे माझ्यासारख्या संघटनेच्या माणसाला वाटते.

आता अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जाऊ, कारण वर्षभराचा कार्यक्रम आणि वर्गणी यांचे नाते तेथे फार स्पष्ट दिसते. व्हिएन्नाहून नाझींच्या भयाने निघालेला एक तरुण, अमोस व्होगेल, याने १९४७ मध्ये पत्नी मार्शियासह ‘सिनेमा १६’ ही संस्था काढली. आरंभ एका छोट्या नाट्यगृहात झाला आणि पहिले खेळ चांगले गेले. हुरूप येऊन मोठी जाहिरात केली, आणि नेमके त्या डिसेंबरात न्यूयॉर्कवर प्रचंड हिमवर्षाव झाला. वाहतूक ठप्प झाली, तिकिटे खपली नाहीत, आणि घातलेले पैसे बर्फाखाली गेले. भरीस भर म्हणजे प्रत्येक लहानसहान चित्रपट आधी सेन्सॉरला दाखवून फी भरावी लागे. तेव्हा व्होगेल दांपत्याने रस्ता बदलला. त्यांनी तिकीटविक्री सोडून वर्षाची सभासद वर्गणी घ्यावयास सुरुवात केली. वर्गणी हंगामाच्या आरंभी हातात येई, त्यामुळे एखाद्या रात्री बर्फ पडले तरी दिवाळे निघत नसे. आणि खेळ खाजगी सभासदांपुरता असल्याने सेन्सॉरचा फेराही चुके.

यातून तिसरा लाभ झाला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याने वर्षाचे पैसे भरले तो केवळ आवडीचे चित्र निवडून येत नाही, तो दर वेळी येतो. साहजिकच व्होगेल यांना एकाच संध्याकाळी शास्त्रीय चित्रपट, माहितीपट, आणि ज्याचा अर्थ चटकन लागत नाही असा प्रायोगिक चित्रपट एकत्र दाखविता आला. कोणाला तो रुचे, कोणी चिडे. पण पाहावा सर्वांनाच लागे. पुढे हे खेळ शिवणकामाचे शिक्षण देणाऱ्या एका शाळेच्या सोळाशे खुर्च्यांच्या सभागृहात होऊ लागले आणि सभासदसंख्या सात हजारांच्या घरात गेली. जेथे दिवसा मुले-मुली कपडे बेतायला शिकत तेथे रात्री जगातला उत्तम चित्रपट दिसे, याचे मला फार कौतुक वाटते. तथापि, इतके असूनही १९६३ मध्ये आर्थिक अडचणीमुळे सिनेमा १६ बंद पडले. सात हजार सभासद होते, परंतु खर्च वाढत गेला आणि मागे कसलेच अनुदान नव्हते. वर्गणी हा पाया आहे, पण पाया म्हणजे घर नव्हे, हेही या इतिहासातून घ्यावयास हवे.

ते घर त्याच शहरात दुसऱ्यांनी बांधले. १९७० मध्ये ‘फिल्म फोरम’ सुरू झाले ते पन्नास घडीच्या खुर्च्या, एक प्रक्षेपण यंत्र आणि वर्षाचा एकोणीस हजार डॉलरचा खर्च एवढ्या भांडवलावर. १९७२ मध्ये कॅरन कूपर या बाईंनी सूत्रे हाती घेतली आणि २०२३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ, त्यांनी ते चालविले. जागा बदलाव्या लागल्या. १९९० पासून ह्यूस्टन स्ट्रीटवर तीन पडद्यांचे चित्रगृह उभे राहिले आणि २०१८ मध्ये चौथा पडदा आला. तिकिटे, सभासद, देणग्या आणि सार्वजनिक अनुदाने अशा चार पायांवर ही संस्था उभी आहे. त्यांपैकी एखादा पाय लटपटला तरी उरलेले भार घेतात. एकीकडे नवे चित्रपट, दुसरीकडे जुन्यांची आवर्तने, आणि हे वर्षाचे बाराही महिने, असा तेथील कारभार आहे. नफा वाटून घेणारा मालक नाही; शिल्लक उरली तर ती पुढच्या चित्रासाठीच.

आता स्वदेशी येऊ. सिनेमा १६ निघाली त्याच १९४७ साली, स्वातंत्र्य मिळून दोन महिने झाले असताना, कलकत्त्यात सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ काढली. आरंभी दाखविलेल्या चित्रपटांत पोटेम्किन होताच. दिवाणखान्यांत बसून थोडके लोक चित्रपट पाहत, त्यावर वाद घालीत. १९४९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वार ‘द रिव्हर’च्या निमित्ताने बंगालमध्ये आले तेव्हा या मंडळींनी त्यांचा सहवास मिळविला. १९५० मध्ये राय नोकरीच्या कामासाठी लंडनला गेले, तेथे त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले आणि डी सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ने त्यांचा निश्चय पक्का केला. पुढचा ‘पथेर पांचाली’चा इतिहास आपणांस ठाऊक आहे.

येथे माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येईल. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि नंतर तो इतर शहरांत गेला. त्यात दाखविलेल्या इटालियन चित्रपटांनी आपल्या चित्रकारांना हलवून सोडले. १९५३ चा बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ हे त्याचेच फळ मानले जाते. मग उत्सवाने कार्य होत नाही असे कसे म्हणावे? मी तसे म्हणत नाही. उत्सव म्हणजे पाऊस, तो हवाच. परंतु पाणी मुरते ते नांगरलेल्या जमिनीत. बिमल रॉय यांच्यामागे कित्येक वर्षांची उमेदवारी होती, राय यांच्यामागे पाच वर्षांच्या चर्चा होत्या. ज्या शेकडो प्रेक्षकांनी महोत्सवात तेच चित्रपट पाहिले आणि दुसऱ्या आठवड्यापासून ज्यांना तसे काहीही पाहायला मिळाले नाही, त्यांचे काय झाले, याची नोंद कोणत्याच इतिहासात नाही. गंमत अशी की कलकत्त्याची ती संस्थाही १९५२ च्या सुमारास थंडावली आणि १९५६ मध्ये पुन्हा उभी करावी लागली. नेते चित्रपट काढण्यात गुंतले की वर्गणी गोळा करणारा कोणी उरत नाही. आमच्या संघटनांतही पुढारी निवडून गेले की शाखा ओस पडतात.

१३ डिसेंबर १९५९ रोजी देशातील चित्रपट संस्थांचा महासंघ स्थापन झाला. अध्यक्ष राय होते. या महासंघाच्या चिटणीसपदाचे काम करणाऱ्यांत विजया मुळे या आपल्या मराठी बाई होत्या. मुंबईत जन्मलेल्या मुळेबाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या, तेथील चित्रपट संस्थेच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला, नंतर दिल्लीची संस्था उभी केली. पुष्कळांना त्या ‘एक अनेक और एकता’ या बालपटामुळे ठाऊक आहेत; पण गावोगावच्या संस्थांचा पत्रव्यवहार सांभाळणे, हे न दिसणारे कामही त्यांनी केले, आणि चळवळी अशा कामावरच तगतात. १९६० मध्ये पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत चित्रपट शिक्षणसंस्था आली, आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पी. के. नायर यांनी तेथे डबा न् डबा वेचून चित्रपट जमविले. मघा ज्या ग्रंथालयाचा प्रश्न मी काढला ते ग्रंथालय हे होय. २०२२ मध्ये त्याचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले.

या काळात एका भारतीय चित्रपट संस्थेचे वर्ष कसे जाई? स्वतःचे थिएटर नाही. रविवारी सकाळी, नेहमीचे खेळ सुरू होण्याआधी, एखादे थिएटर भाड्याने घ्यावयाचे. चित्रपट कोठून? रशिया, पोलंड, झेकोस्लोव्हाकिया, फ्रान्स यांच्या वकिलातींकडून, आणि पुढे संग्रहालयाकडून. रेल्वेने डबे येत, एका गावाचे डबे वेळेत निघाले नाहीत तर पुढच्या गावचा खेळ बुडे. तिकीट विकायचे नाही, सभासदांनाच प्रवेश. सभासदांपुरत्या अशा खेळांना सेन्सॉरची सवलत मिळाली, आणि तिच्यामुळे एक विचित्र प्रकार घडला. परदेशी चित्रांतली न कापलेली दृश्ये पाहायला मिळतात एवढ्याच आशेने पुष्कळांनी पावत्या फाडल्या. काहींची निराशा झाली आणि ते गेले. काही मात्र भलत्या आशेने येऊन बर्गमन पाहता पाहता टिकले. देवळात प्रसादासाठी आलेला मुलगा कधीकधी कीर्तनही ऐकून जातो. मी त्या लोकांना हसत नाही.

मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ निघाले. मराठी मध्यमवर्गाला जगाचा चित्रपट दाखविण्याचे आणि त्यावर मराठीत लिहिण्या-बोलण्याची सवय लावण्याचे मोठे श्रेय या संस्थेला आहे. पुण्यात ‘आशय’ने तेच काम नेटाने चालविले. पण या साऱ्या कार्यात एक उणीव राहिली आणि ती मी कामगारांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पुणे-पिंपरी परिसरातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, कारण विजेचा भार वाटला जावा म्हणून सुट्या वाटून दिलेल्या आहेत. रविवार सकाळचा खेळ म्हणजे या कामगाराला दार बंद. कोणी मुद्दाम बंद केले असे नाही. वेळापत्रक आखणाऱ्याच्या घरी रविवारी सुटी होती इतकेच. वर्गणीच्या शिलिंगाने लंडनमध्ये जे केले ते येथे वाराने केले.

केरळातील मंडळींनी ही उणीव अधिक भरून काढली. १९६५ मध्ये अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरुवनंतपुरममध्ये ‘चित्रलेखा’ ही संस्था काढली. पाहता पाहता लहान लहान गावांतून अशा संस्थांचे जाळे विणले गेले. तेथे गावोगाव वाचनालये होती, वाचनालयाला जोडून सभागृह होते, आणि लोकांना वर्गणी भरण्याची सवय होती. चित्रपट संस्था त्या तयार खोडावरचे कलम होते. १९८४ मध्ये जॉन अब्राहम या अवलिया दिग्दर्शकाने कोळिकोडला मित्रांसह ‘ओडेसा’ हा गट काढला. सोळा मिलिमीटरचे यंत्र घेऊन ते गावोगाव हिंडले, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखविला आणि लोकांपुढे झोळी धरली. त्या नाण्यांतून १९८६ मध्ये ‘अम्म अरियान’ हा चित्रपट तयार झाला आणि तो पुन्हा त्याच लोकांपर्यंत नेण्यात आला. प्रेक्षकच निर्माता झाल्याचे असे उदाहरण जगात विरळा. पुढच्याच वर्षी जॉन यांचे अपघाती निधन झाले आणि त्या कामाचा वेग ओसरला. एका विलक्षण माणसाभोवती उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर ओसरते, या नियमाला ओडेसाही अपवाद ठरला नाही.

सरकारने हे काम अंगावर घेतल्याचे उदाहरण म्हणजे कलकत्त्याचे ‘नंदन’. १९८५ मध्ये राय यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्याचे बोधचिन्हही त्यांनीच रेखाटले. सरकारी इमारत असली की भाड्याची चिंता मिटते, वर्षभर पडदा चालू राहतो, तिकीट स्वस्त ठेवता येते. मात्र कोणते चित्र लागावे यावर सरकारचे मन हलते राहते. गल्ल्याची मर्जी नको म्हणून आपण निघालो, तर मंत्र्याची मर्जी तरी का असावी? अनुदान घ्यावे, ते जनतेच्याच पैशाचे आहे; पण कार्यक्रम ठरविणारी समिती सभासदांनी निवडलेली असावी.

श्रोतेहो, इतिहास येथे संपवून आता व्यवहाराचे बोलतो. आज घरोघर पडदा आहे, खिशात पडदा आहे. मग चित्रगृह कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. ‘बायसिकल थीव्ह्‌ज’मध्ये एक प्रसंग आहे. सायकल चोरीला गेलेला अंतोनिओ मदतीसाठी आपल्या मित्राला शोधत कामगारांच्या तळघरातल्या सभागृहात जातो. तेथे एका बाजूला सभा चालली आहे आणि त्याच जागी हौशी कलावंतांची तालीमही चालली आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत हा चित्रपट दाखविला तेव्हा एक फिटर उठून म्हणाला, “साहेब, त्यांच्याकडे मिटिंग आणि नाटक एकाच खोलीत बसतात, आपल्याकडे नाटकवाल्यांना जागा का मिळत नाही?” त्यानंतर अर्धा तास नुसता वाद झाला. हाच चित्रपट त्या फिटरने घरी मोबाइलवर पाहिला असता, तर तो प्रश्न त्याने कोणाला विचारला असता? ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, रात्रशाळा व फिरती वाचनालये चालविली, आणि लीगच्या परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके रंगली. कामगार चळवळीच्या त्या आद्य पुरुषाला पगार आणि रंगमंच हे दोन वेगळे विषय वाटले नव्हते.

तर वर्षाचा तक्ता कसा आखावा? आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडाव्यात: परीक्षा, पेरणी, गणपती, दिवाळी, पगाराची तारीख. मग महिन्यातले दोन ठराविक आठवडे धरावेत आणि ते काही झाले तरी मोडू नयेत, कारण लोक चित्रपटाच्या नावापेक्षा दिवसाची सवय अधिक पाळतात. दर खेळ दोनदा व्हावा, एकदा गुरुवारी संध्याकाळी आणि एकदा रविवारी सकाळी, म्हणजे कोणत्याही पाळीच्या माणसाला एक वेळ साधेल. ओळखीच्या चित्राच्या शेजारी अनोळखी चित्र ठेवावे. वर्षातून चार खेळ मुलांचे असावेत. खेळानंतर अर्धा तास दिवे लावून बसावे, पण वक्त्याने दहा मिनिटांवर बोलू नये. मी स्वतः वक्ता असूनही हा नियम सुचवितो. महिन्याचे पत्रक आदल्या महिन्यात वाटले जावे. चित्रपटाच्या हक्कदाराला त्याचे शुल्क द्यावे. फुकट उतरवून घेतलेले चित्र दाखविणे म्हणजे दुसऱ्या कामगाराची मजुरी बुडविणे होय. आणि यंत्र चालविणारा, दारावर उभा राहणारा, झाडू मारणारा यांना ठरलेला पगार मिळावा. संस्था नफ्यासाठी नाही, हे कमी पगार देण्याचे कारण होऊ शकत नाही. सेवेच्या नावाखाली माणसे राबवून घेतली की ती दोन वर्षांत थकतात आणि तिसऱ्या वर्षी दाराला कुलूप दिसते.

पैशाचे गणित मांडून पाहा. आपल्या गावात तीनशे सभासद मिळाले आणि प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये दिले, तर वर्षाचे तीन लाख साठ हजार होतात. महिन्याला दोन, असे चोवीस कार्यक्रम धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा हजार येतात. सभागृहाचे भाडे, चित्रपटाचे शुल्क, मजुरी, वीज आणि पत्रके यांत ते सहज संपतील. भाडे वाचले तर थोडे उरतील. म्हणून पहिली खटपट भाड्याची करावी. नगरपालिकेचे सभागृह, शाळेचे दालन, कामगार कल्याण केंद्र यांपैकी काहीतरी प्रत्येक गावात आठवड्याचे चार दिवस कुलूपबंद असते. त्या कुलपाची किल्ली मागावयास एकटा गेला तर त्याला परत पाठवितात; तीनशे जण गेले तर निदान आत बसवून चहा देतात, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

या मंडपात आज तीनशेहून अधिक माणसे बसलेली मला दिसतात. व्याख्यान संपल्यावर दाराशी एक टेबल मांडलेले असेल, त्यावर एक कोरे पावतीपुस्तक आहे. पहिल्या पावतीवर मी माझे नाव लिहिले आहे. दुसऱ्या पावतीपासून पुढचे काम आपले.